साडेसात फुटांचा फरक

सौसरच्या बांधकाम कचेरीत गुणवंता भक्ते नावाचा ओव्हरसियर होता. अंगानं उंच, बोलणं थोडं, सदऱ्याच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिपाईवर पितळी दुर्बीण चढवायची, पाण्यातला बुडबुडा मधोमध आणायचा, एक डोळा मिटायचा आणि दूर उभा असलेला शिपाई चिंधू जी पट्टी धरी तिच्यावरचा आकडा वाचायचा, हे त्याचं काम. आजूबाजूच्या गावांत त्याला 'दुर्बीणवाले' म्हणत. एखाद्याच्या शेताच्या धुऱ्यावरून तो दुर्बीण घेऊन गेला की दुसऱ्या दिवशी गावभर बातमी होई, इथून नहर, म्हणजे पाण्याचा कालवा, निघून राहिली म्हणून. बहुतेक वेळा नहर निघत नसे. रस्त्याची साधी डागडुजी असे.

त्याचा बाप नत्थूजी बोरगावचा. थोडा कापूस, थोडी संत्र्याची बाग. त्या घरात मॅट्रिक झालेला गुणवंता पहिलाच, म्हणून बापानं त्याला हौसेनं नागपूरला कॉलेजात धाडलं. तिथं गणित त्याला आवडलं. वाकडीतिकडी वाट दिली की तिचा प्रत्येक ठिकाणचा चढ किती ते काढायचं, हे तर त्याला फारच आवडलं. मग प्राध्यापकांनी प्रश्न उलटा केला. चढ दिलाय, वाट काढा. याला इंटिग्रेशन म्हणायचं. तेही गुणवंताला जमे. मात्र प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'अधिक सी' असं लिहावं लागे, ते तो हमखास विसरे. एकदा त्यानं धीर करून विचारलं की हा सी आहे तरी कोण. प्राध्यापक म्हणाले, लिहायचा असतो, लिहीत जा.

परीक्षेत तो पुन्हा विसरला. दर उत्तराला गुण कापले गेले आणि गणितात चार गुणांनी तो राहिला. घरी आल्यावर नत्थूजीनं विचारलं, "काहून नापास झाला?"

"एक अक्षर लिहाचं राहिलं, बा."

एका अक्षरापायी पोराला नापास करतात, हे नत्थूजीला काही केल्या पटलं नाही. पुढं कितीतरी वर्षं तो पाहुण्यांना ही गोष्ट सांगे आणि पाहुण्यांनाही ती पटत नसे. गुणवंता मात्र रडत बसला नाही. त्यानं ओव्हरसियरचा कोर्स केला आणि सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात सौसरच्या कचेरीत रुजू झाला.

तिथं त्याला दत्तात्रय किनखेडे भेटले. त्याच्याहून आठ वर्षांनी मोठे, पांढुर्ण्याच्या बाजूचं काम बघणारे ओव्हरसियर. मूळचे नागपूरचे, पण पांढुर्ण्यात इतके रुळले होते की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगावच्या गोटमारीला, म्हणजे नदीच्या दोन काठांवरच्या दगडफेकीच्या जत्रेला, गर्दीत उभे राहून सगळ्यांच्या नावानं ओरडत. गुणवंता त्यांना दत्तूभाऊ म्हणे. पंधरा ऑगस्टला कचेरीवर झेंडा चढला, पेढे वाटले, आणि सोळा तारखेला दत्तूभाऊ त्याला चिखलातून दुर्बीण लावायला घेऊन गेले. कामाची पहिली गोष्ट त्यांनी तिथंच सांगितली. ही दुर्बीण तुला फक्त फरक सांगते, म्हणाले. इथून तिथं किती चढलं, तिथून पुढं किती उतरलं. समुद्र कुठं आहे ते तिला माहीत नाही. ते जुन्या सर्व्हेवाल्यांनी समुद्रापासूनची उंची कोरून ठेवलेल्या दगडाला माहीत आहे. म्हणून काम नेहमी दगडापासून सुरू करायचं. दगड जवळ नसेल तर एखाद्या देवळाचा ओटा शंभर फूट उंचीवर आहे असं धरायचं आणि पुढं चालायचं.

गुणवंता ते शिकला. त्याचे आकडे इतके नेमके येऊ लागले की दत्तूभाऊ इतरांना त्याची फील्डबुकं, म्हणजे मोजणीच्या वह्या, दाखवत.

पन्नास साली त्याचं लग्न झालं. बायको प्रतिभा, पांढुर्ण्याच्या मास्तरांची मुलगी. मॅट्रिक झालेली, सौसरच्या मुलींच्या शाळेत शिकवणारी. दोघांचं छान जमलं. ती बोलकी, तो ऐकणारा. पंचावन्न साली तिनं ठरवलं की घरी अभ्यास करून इंटरची परीक्षा द्यायची, आणि तीही गणित घेऊन. शाळेतल्या बाया म्हणाल्या, मराठी घे, इतिहास घे, हे काय घेऊन बसलीस. गुणवंतानं आपली जुनी पुस्तकं पेटीतून काढून, धूळ झटकून तिच्यासमोर ठेवली. एवढंच त्याचं उत्तर.

त्याच हिवाळ्यात सौसर ते पांढुर्णा हा रस्ता पक्का करायचं ठरलं. रस्ता होता, पण गाडीवाट म्हणावी असा. पावसाळ्यात मधला नाला भरला की संत्र्याच्या गाड्या अलीकडंच थांबून राहत आणि माल नासे. नवीन रस्त्याची उंची-खोली मोजायचं काम दोघांत वाटलं गेलं. गुणवंतानं सौसरकडून निघायचं, दत्तूभाऊंनी पांढुर्ण्याकडून, आणि मधल्या नाल्यावर, जिथं पूल व्हायचा होता, तिथं भेटायचं. दोघंही एकमेकांच्या हद्दीत थोडे पुढं गेले, म्हणजे सांधा नीट जुळावा. तिथं एका चिंचेखाली चौघांनी, म्हणजे ते दोघं, चिंधू आणि दत्तूभाऊंचा पट्टीवाला, सोबत शिदोरी खाल्ली. दत्तूभाऊंच्या घरच्या मेथीच्या वड्या होत्या. काम संपलं म्हणून सगळे खुशीत होते; दोघांचे आकडे ताडून पाहायचं काम वरच्या कचेरीचं होतं.

नकाशे वर गेले आणि मध्येच राज्य बदललं.

छप्पन्नच्या एक नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेलं. छिंदवाडा जिल्हा, आणि त्यातलं सौसर-पांढुर्णा, मध्य प्रदेशात राहिला. राजधानी कालपर्यंत नागपूर होती, ती भोपाळ झाली. सौसरच्या बाजारात मराठीच बोलत होते, बायका तशाच भांडून भाव करत होत्या, पण कचेरीत कागद हिंदीतून येऊ लागले. नोकरदारांना विचारलं गेलं की कोणत्या बाजूला राहता. दत्तूभाऊंचे म्हातारे आईवडील नागपुरात होते, ते गेले. जाताना पांढुर्ण्याच्या फलाटावर त्यांनी गुणवंताचा हात बराच वेळ धरून ठेवला. गुणवंतानं इथंच राहायचं ठरवलं. बा बोरगावला, बाग बोरगावला, प्रतिभाची शाळा इथं. त्याला त्यात फार विचार करावा लागला नाही. हिंदी त्याला येत होतीच, फक्त लिहिताना हात अडखळे.

सत्तावन्नच्या फेब्रुवारीत वरून कागद आला. नवीन मोठ्या साहेबांच्या हाताखाली कुणीतरी दोन्ही बाजूंचे नकाशे शेजारी ठेवले होते. पुलाच्या जागेची उंची सौसरच्या मोजणीत एक आणि पांढुर्ण्याच्या मोजणीत दुसरी. फरक साडेसात फुटांचा. एकाच जागेच्या दोन उंच्या कशा, पंधरा दिवसांत खुलासा करावा, नाहीतर सगळी मोजणी पुन्हा करावी लागेल आणि रस्ता पुढच्या वर्षावर जाईल, असं त्यात होतं.

गुणवंतानं कागद दोनदा वाचला. दहा वर्षांत त्याचा आकडा कधी अर्ध्या इंचाच्या पलीकडं चुकला नव्हता. कचेरीतले हेडक्लार्क मोरेश्वर बाबू भले गृहस्थ, पण त्यांना कागद लवकर मिटवायची सवय. चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले, "साडेसात! साडेसाती लागली म्हणायची. पण भक्ते, तुमच्या डोक्यावर काहून घेता? लिहून टाका, पांढुर्ण्याकडची मोजणी चुकली. किनखेडे तं गेले तिकडं. आता त्यांना कोण विचारून राहिलं?"

गुणवंतानं कागद घडी करून खिशात ठेवला. मोरेश्वर बाबूंनी सांगितलेलं सोपं होतं, आणि त्यात कुणाला तोशीसही नव्हती. दत्तूभाऊ दुसऱ्या राज्यात, त्यांच्यापर्यंत हा कागद पोचणारही नव्हता. पण दत्तूभाऊंनी मोजणी चुकवली हे वाक्य त्याच्या हातून लिहून होईना. त्यानं स्वतःची फील्डबुकं काढून दोन दिवस बेरजा-वजाबाक्या तपासल्या. चूक नव्हती. मग दत्तूभाऊंची मागे राहिलेली फील्डबुकं मागवून तीही तपासली. त्यांतही चूक नव्हती. दोघंही बरोबर आणि तरी साडेसात फूट! त्याचं जेवणातलं लक्ष उडालं.

रविवारी सकाळी प्रतिभा माजघरात पाटी घेऊन बसली होती. परीक्षा दीड महिन्यावर आली होती. नत्थूजीनं बोरगावहून पाठवलेली मृग बहाराची संत्री शेजारी टोपलीत होती आणि ती एक सोलून, फोडी तशाच ठेवून, पाटीकडं बघत होती.

"अहो, जरा इकडं या," ती म्हणाली. "हे अनिश्चित समाकलन म्हणजे काय अनिश्चित आहे? उत्तर तं नेमकं आलं ना."

पुस्तक जुनं इंग्रजी, पण नागपूरहून इंटिग्रेशनला समाकलन असे नवे शब्द छापून आले होते, ते तिनं पेन्सिलीनं समासात लिहिले होते. गुणवंता जवळ बसला. त्याला हसूही आलं आणि थोडी लाजही वाटली. "मले इचारू नको," तो म्हणाला. "मी त्याच धड्यात नापास झालो. शेवटी सी लिहायचा, एवढं ध्यानात ठेव."

"पण काहून लिहायचा?"

"लिहाचा असते."

प्रतिभाला या उत्तरानं समाधान होणार नव्हतं. शाळेत तिच्या वर्गातल्या मुलींना ती असं उत्तर कधी देत नसे. तिनं पाटी पुसली आणि पहिल्यापासून मांडायला घेतलं. बोलत बोलत मांडायची तिची रीत होती. चढ दिलाय दोन एक्स, ती म्हणाली. म्हणजे एक्स एक असला तिथं चढ दोन, एक्स दोन असला तिथं चार. असा चढ कोणत्या वाटेचा? एक्सच्या वर्गाचा. तिनं एक वाटी काढावी तशी रेघ काढली. ही झाली वाट. मग तिनं त्याच रेघेच्या वर तीन बोटं सोडून तशीच दुसरी रेघ काढली. ही एक्सचा वर्ग अधिक तीन. हिचा चढ काढू. तीन हा कुठं बदलत नाही, त्याचा चढ शून्य. राहिले दोन एक्सच. मग खाली एक काढली, वर्ग उणे दोन. तिचाही चढ दोन एक्स. पाटीवर तीन वाट्या एकीवर एक, एकमेकींना कुठं न शिवणाऱ्या.

तिघींवरून एकाच जागी तिनं उभी रेघ मारली. तिथं तिघींचा चढ सारखा.

"म्हणजे उलटा प्रश्न विचारला की उत्तर एक नाहीच," ती हळूहळू म्हणाली. "चढ सांगितला की वाटेचा आकार ठरून जाते. पण तो आकार किती उंचावर ठेवायचा, ते चढाला माहीतच नाही. वर ठेवा, खाली ठेवा, चढ तोच. म्हणून सी. सगळ्या वाटा एकदम सांगायच्या म्हणून तो सी लिहितात."

"आन् एखाद्या जागेची उंची कोणी सांगितली तं?"

"मग सी सापडला. मग एकच वाट राहिली. जोपर्यंत सांगत नाहीत तोपर्यंत अनिश्चित. आकार अनिश्चित नाही हो, ठिकाण अनिश्चित."

गुणवंतानं दोन वाट्यांमधल्या जागेवर बोट ठेवलं. मग त्यानं विचारलं, "दोन वाटांत किती फरक आहे, ते सगळीकडं सारखंच राहीन ना?"

"राहणारच. तीन तं तीन. या टोकाला तीन आणि त्या टोकाला चार, असं झालं तर चढ वेगळा आला म्हणायचा."

तो उठला. प्रतिभानं विचारलं कुठं निघालात, तर तो म्हणाला कचेरीत, आणि रविवार आहे हे तिनं सांगेपर्यंत पायांत वहाणा घालून तो दारातून बाहेर पडला होता. कचेरीची किल्ली चिंधूकडं असे. चिंधू घरी अंगणात खाटेला सुंभ ओढत बसला होता. तो कुरकुरला, पण आला.

गुणवंतानं दोन्ही बाजूंचे उभे छेद काढले, म्हणजे रस्त्याच्या चढउताराची रेघ ज्यात काढलेली असते ते लांब कागद. दोघांची मोजणी जवळजवळ दीड मैल एकमेकांवर चढलेली होती. वरच्या कचेरीनं फक्त पुलाची जागा ताडून पाहिली होती. गुणवंतानं त्या दीड मैलातली एक जागा निवडली, तिथला फरक काढला. साडेसात. अर्ध्या मैलावर दुसरी. साडेसात. तिसरी, चौथी, चिंचेच्या झाडाजवळची. सगळीकडं साडेसात, कुठं बोटभर कमी, कुठं बोटभर जास्त.

मग त्यानं ट्रेसिंगचा पारदर्शक कागद घेतला आणि दत्तूभाऊंची रेघ त्यावर उतरवली. नकाशात एक इंच म्हणजे दहा फूट उंची. त्यानं तो कागद स्वतःच्या छेदावर ठेवला आणि पाऊण इंच वर सरकवला. दोन रेघा एकमेकींवर अशा बसल्या की एकच दिसावी. नाल्याची खोल घळ, पलीकडचा मुरमाचा उंचवटा, सगळं बसलं.

"पाह्य, चिंधू," तो म्हणाला. "दत्तूभाऊ कुठीच चुकले नाहीत."

चिंधूनं वाकून पाहिलं. इतकी वर्षं पट्टी धरून त्यालाही रेघा वाचता येत. "मंग ते साडेसात फूट कुठून आले?"

"सुरुवातीतून. आपला सौसरचा दगड तं आपण दुसऱ्या दगडाशी ताडून पाहिला आहे. त्यायनं ज्या दगडापासून सुरू केलं, त्या दगडातून."

दत्तूभाऊंच्या फील्डबुकात पहिल्या पानावर त्या दगडाची नोंद होती. पांढुर्ण्याच्या अलीकडं, तिकडच्याच दुसऱ्या एका नाल्याकाठच्या मारुतीजवळ, जुन्या सर्व्हेची बाणाची खूण, आणि पुढं उंचीचा आकडा. सोमवारी सकाळी गुणवंता आणि चिंधू दुर्बीण घेऊन मोटारीनं तिथं गेले. मारुतीचं देऊळ छोटंसंच. पुढं लिंबाखाली दगडी पार, आणि पाराच्या वरच्या थरात तो दगड होता. बाणाच्या खुणेवर शेंदूर माखलेला, पण बाण स्पष्ट. खालचा आकडा फील्डबुकातल्या आकड्याशी जुळत होता. वरवर सगळं ठीक.

गुणवंतानं पाराभोवती एक फेरी मारली. पार नवा नव्हता, पण फार जुनाही नव्हता. जुन्या सर्व्हेवाल्यांनी पारावर खूण कशाला कोरली असती, हे त्याला उमगेना. शेजारच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी कापसातली सरकी काढत बसली होती. तिचं नाव अंबाबाई. गुणवंतानं हात जोडून विचारलं की आजी, हा दगड इथं कधीपासून आहे.

अंबाबाईनं आधी त्याला पाणी दिलं. मग निवांत सांगितलं. तिचं लग्न होऊन ती इथं आली तेव्हा दगड खाली नाल्याच्या काठी खडकात बसवलेला होता. मग एका वर्षी मोठा पूर आला. पुरानं खडकाची खपली निघाली आणि दगड सुटून आडवा पडला. तिच्या घरधन्यानं आणि चार माणसांनी पाहिलं तर दगडावर बाण. मारुतीच्या पायाशी बाण, म्हणजे रामाचाच असणार. वाहून गेला तर पाप लागेल म्हणून त्यांनी तो दोरांनी वर ओढून आणला आणि पाराला लावला. तेव्हापासून दर शनिवारी त्याला शेंदूर.

"खाली कुठी होता, दाखवता का?" गुणवंतानं विचारलं.

म्हातारी काठी टेकत नाल्याच्या उतरंडीपर्यंत आली आणि काठीनं दाखवलं. खडकात अजून चौकोनी खाच होती, आत माती भरलेली. चिंधूनं माती उपसली. गुणवंतानं दुर्बीण मधोमध लावली. एकदा पट्टी पारावरच्या दगडावर धरली, एकदा खाचेच्या तळाशी धरून दगडाची जाडी मिळवली. वजाबाकी केली. सात फूट साडेपाच इंच. अर्ध्या इंचाचा फरक राहिला, तो खडकाची खपली निघाली तिथला असावा, असं त्यानं लिहून ठेवलं.

दगड साडेसात फूट वर आला होता आणि अंगावरचा आकडा मात्र खालचाच घेऊन बसला होता. दत्तूभाऊंनी तो खरा मानला. कुणीही मानला असता. त्यांची अख्खी वाट बरोबर होती, फक्त साडेसात फूट खाली ठेवली गेली होती.

अंबाबाईच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. दगड सरकारी निघाला, आता काढून नेणार की काय, असं तिनं विचारलं.

"नाही, आजी. दगड राहू द्या. आम्ही कागदावर आकडा बदलवतो."

तिनं त्याला आणि चिंधूला मारुतीपुढचा खोबऱ्याचा तुकडा दिला.

खुलासा त्यानं स्वतः हिंदीत लिहिला. चार वेळा खोडला. मोरेश्वर बाबूंनी सुचवलेलं वाक्य त्यात नव्हतं. त्याऐवजी असं होतं की दोन्ही मोजण्या निर्दोष आहेत, पांढुर्ण्याकडच्या सगळ्या उंच्यांमध्ये साडेसात फूट मिळवावेत, कारण मूळ दगड पुरानंतर वर नेला गेला आहे. साहेब स्वतः दौऱ्यावर आले. जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे, मितभाषी माणूस. त्यांनी विचारलं, "तो किनखेडे की कोई गलती नहीं?" गुणवंतानं नाही म्हटलं आणि बोलण्याऐवजी ट्रेसिंगचा कागद समोर ठेवून पाऊण इंच सरकवून दाखवला. साहेबांनी स्वतः कागद पुन्हा खाली ओढला, पुन्हा वर सरकवला. दोन-तीनदा केलं. मग त्यांनी विचारलं की एकच आकडा सगळीकडं मिळवला तर चालेल हे तुला कसं सुचलं. गुणवंता म्हणाला की बायको इंटरची परीक्षा देऊन राहिली, तिनं पाटीवर दाखवलं. साहेब पहिल्यांदा हसले. खुलाशावर त्यांनी तिथंच सही केली. मोजणी पुन्हा करायची गरज नाही, काम सुरू करावं.

मोरेश्वर बाबूंनी तो कागद फाईलला लावताना सही बारकाईनं पाहिली. नंतर महिनाभर ते गुणवंताला आपल्या डब्यातला आंब्याच्या लोणच्याचा खार देत होते.

त्या संध्याकाळी गुणवंतानं नागपूरला पत्र लिहिलं. दत्तूभाऊंचं उत्तर आठवड्यात आलं. त्यांच्या कानावर ही गोष्ट आधीच कुणीतरी घातली होती, आणि ती अशी की सौसरवाल्यांनी आपल्याला चुकीत काढलं. पंधरा दिवस त्यांनी ते मनात ठेवलं होतं. 'तू तसं लिहिणार नाहीस असं वाटत होतं,' त्यांनी लिहिलं होतं, 'पण वाटणं आणि कळणं यांत फार फरक असतो रे.' पुढं दोन पानं आईवडिलांच्या तब्येतीविषयी, नागपूरच्या उन्हाविषयी, आणि शेवटी प्रतिभासाठी आशीर्वाद.

प्रतिभा नागपूरला परीक्षेला गेली तेव्हा दत्तूभाऊंच्याच घरी उतरली. तिचं नाव आधीच तिथल्या विद्यापीठात घातलेलं होतं म्हणून परीक्षा तिथं देता आली. दत्तूभाऊंच्या बायकोनं तिला रोज सकाळी दही-साखर दिली. निकाल लागला तेव्हा गणितात तिला पहिल्या वर्गाचे गुण होते. बोरगावहून नत्थूजी मुद्दाम आला. सुनेनं सगळी अक्षरं लिहिली का, असं त्यानं गंभीरपणे विचारलं. तिनं हो म्हटल्यावर त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यातून गूळ काढून तिच्या हातावर ठेवला.

अठ्ठावन्नच्या दिवाळीआधी पूल झाला. रस्त्यानं पहिल्यांदा संत्र्यांनी भरलेले ट्रक पांढुर्णा स्टेशनाकडं गेले. त्याचं काही उद्घाटन वगैरे झालं नाही. एक दिवस लोकांच्या लक्षात आलं की आता नाल्यापाशी थांबावं लागत नाही.

मुलींच्या शाळेत वरचे वर्ग निघाले आणि प्रतिभाला गणित शिकवायला दिलं. इंटरवर ती थांबली नाही. बी.ए.चं नाव घातलं, या वेळी नव्या राज्याच्या विद्यापीठात. पुस्तकं हिंदी, काही इंग्रजी, आणि घरी समजून घेणं मराठीत. तिला ते काही जड गेलं नाही. शाळा सुटली की दोन-तीन मुली तिच्या मागोमाग घरी येत, अंगणात चटईवर बसत आणि पाटीवर रेघा काढत. गुणवंता कचेरीतून आला की त्यांच्या चपला ओलांडून आत जाई.

परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाक त्यानं आपल्याकडं घेतला. पिठलं त्याला आधीपासून येत होतं. ज्वारीची भाकरी मात्र नव्यानं शिकला. पहिल्या महिन्यात ती तव्यावर पडायच्या आतच फाटे. चिंधूच्या बायकोनं, केसरबाईनं, येऊन पीठ किती मळायचं आणि पाणी कधी लावायचं ते दाखवलं. फाल्गुनापर्यंत भाकरी गोल येऊ लागली, फुगूही लागली. प्रतिभा माजघरातून पुस्तक हातात धरूनच चुलीजवळ येऊन बसे, आणि तो गरम भाकरी तिच्या ताटात टाकून, जळलेलं बोट कानाच्या पाळीला लावून, पुढची थापायला घेई.